जमादारचा आठवा दिवस

महाल, नागपूर
बुधवार, १६ एप्रिल १९५८

प्रिय गोपिका,

पोट्टे जवळ असतील तर आधी त्यांना बाहेर खेळायला पाठव आणि मग हे पत्र वाच. मोठ्यानं वाचू नको. तुझी मोठी आता अक्षर लावते, तिच्या हाती तर अजिबात पडू देऊ नको. देवरावांना दाखवायचं की नाही ते शेवटपर्यंत वाचून तूच ठरव.

घाबरू नको असं लिहिणार होते, पण मीच घाबरलेली आहे, तर तुला कोणत्या तोंडानं सांगू? जमादार जिवंत आहे. दुकानाच्या मागच्या कोठीत साखळीनं बांधून ठेवला आहे. मागच्या बुधवारी त्यानं सखूबाईच्या हाताला दात लावले. सखूबाई म्हणजे रूपराव विणकराची बायको, आपल्या दुकानासाठी लुगडी विणतात ते. तू ओळखतेस तिला, तुझ्या बाळंतपणात तिनंच तुला डिंकाचे लाडू आणून दिले होते. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला मारू नका, दहा दिवस बांधून नजर ठेवा. दहा दिवसांनी धड राहिला तर बाईला धोका नाही. त्याच्यात काही बिघडलं तर मात्र काही खरं नाही. आज आठवा दिवस आहे, आणि मला काही सुचून नाही राहिलं. बघ, आलंच ते. लिहिताना मी शाळेतल्या बाईंना आठवून शुद्ध लिहिते म्हणून तू मला हसायचीस ना? आज शुद्ध लिहायची शुद्ध नाही वं.

नागपूरची राजधानी गेली, देवरावांचं नाव भोपाळला बदलीच्या यादीत आलं, आणि तू जमादारची साखळी माझ्या हाती देऊन रडत रडत स्टेशनावर गेलीस, त्याला आता दीड वर्ष होईल. अर्धा गावठी आणि अर्धा सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावरचा, असं हे ध्यान. मला कुत्र्याची हौस कधीच नव्हती. विणकराच्या घरातली मी, आमच्याकडे कुत्रं दिसलं की पहिले हात काठीकडे जातो. पण घरी एकटा ठेवला तर दिवसभर रडायचा, शेजारचे ओरडायचे, म्हणून दुकानात घेऊन जायला लागले. गादीच्या खाली, गिऱ्हाइकं चपला काढतात तिथे, त्यानं आपली जागा धरली. गादीवरच्या पांढऱ्या चादरीला त्यानं कधी पाय लावला नाही. नरखेडकडच्या बाया बाजाराला आल्या की संत्र्यांची टोपली त्याच्यापाशी ठेवायच्या आणि निवांत लुगडी उलगडत बसायच्या. जमादार आहे ना, कोण हात लावते, म्हणायच्या. मला मनातून बरं वाटायचं. हे गेल्यापासून त्या गादीवर मी एकटी बाई बसते, आजूबाजूला सगळे पुरुष दुकानदार. पायाशी तो असला की मला धीर असायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही, तुलाही आजच सांगते.

बाबनरावाला मात्र तो पहिल्या दिवसापासून खुपला. दीर माझा, अर्ध्या दुकानाचा मालक, तेव्हा बोलायचा हक्क त्याला होताच. म्हणायचा, वहिनी, दुकान आहे का कोंडवाडा? लोक चपला काढून गादीवर येतात, लग्नाची लुगडी नेतात, देवीच्या ओटीचे खण नेतात, आणि कुत्र्याचे केस त्याच्यात सापडले तर कोण घेईन? मी म्हणायची, गाय भाजीवाल्याच्या टोपलीत तोंड घालते तेव्हा तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवता, आणि उंदीर कोठीतल्या लुगड्यांचे काठ कुरतडतात ते तुम्हाला चालतं. जमादार आल्यापासून एक तरी लुगडं कुरतडलं का? पण तो ऐकायचा नाही.

मग संक्रांत झाल्यावर गोदूबाईचं निमित्त झालं. गोदूबाई म्हणजे मोठ्या घरची बाई, दरसाल घरातल्या लग्नांची सगळी लुगडी आमच्याकडून नेणारी. त्या दिवशी ती पायरीवरच थांबली. आत येईना. आधी ते जनावर हलवा, म्हणाली. मला राग आला. म्हटलं, वर्षभरात त्यानं कोणाकडे पाहून गुरगुर नाही केली, तुम्ही या खुशाल. ती तशीच वळली आणि गेली. नखरे आहेत नुसते, असं मी चारचौघांत बोलले. मागाहून कळलं, लहानपणी तिच्या पोटरीचा लचका कुत्र्यानं तोडला होता. तिला भीती वाटत होती गं, आणि मी नखरे समजले.

बाबनरावानं तेवढ्यावर बाजारातल्या दुकानदारांना मारुतीच्या ओट्यावर जमवलं. दुकानात कुत्रं असावं की नसावं, याच्यावर पंधरा बाप्ये दोन तास बोलले. मिठाईवाला म्हणाला, आज लुगड्यांच्या दुकानात चाललं तर उद्या माझ्या परातीपाशी येऊन बसतीन. कोणी म्हणालं, पोटुशी बाई घाबरली तर जबाबदार कोण? कोणी सोवळंओवळं काढलं. मी पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, इंग्रज होता तेव्हा सदर बाजारातल्या दुकानांत मडमा कुत्रं काखेत घेऊन यायच्या, तेव्हा तुम्हीच कमरेत वाकून सलाम करत होते ना गा? आता एका बाईचं कुत्रं आलं तर तुमची दुकानं बाटतात काय? मग मी जोरातच आले. म्हटलं, याची जामीन मी. हा कधी सुटा फिरणार नाही, गल्लीतल्या कुत्र्यांत जाणार नाही. तसं काही झालं तर त्याच दिवशी मी स्वतः सांगीन आणि त्याला दुकानातून काढीन. आणि याच्यानं कोणाला इजा झाली तर मी या गादीवरून उतरीन, बाबनरावानं खुशाल एकट्यानं दुकान चालवावं. कोणी मागितलं नव्हतं हे. माझ्याच तोंडानं मी बोलले. तुला माहीत आहे माझं तोंड. जिंकले मी त्या दिवशी. घरी येऊन जमादारला दूधभाकर दिली आणि आरशात पाहून हसले, एवढी जिंकले.

सखूबाईचं कसं झालं ते सांगते. त्यांच्या गल्लीत सकाळी पाजणी असते. उन्हं चढायच्या आत बांबूच्या घोड्यांवर सुताचा लांबच लांब ताणा ताणायचा आणि कुंच्यानं त्याला भाताची पेज पाजायची, म्हणजे सूत मागावर तुटत नाही. त्या पेजेच्या वासानं गल्लीतली सगळी कुत्री येतात. एकानं जरी जीभ लावली तरी शंभर धागे गेले समज. म्हणून आमच्या लोकांचा हात असा तयार झालेला असतो की पायाशी ओलं नाक लागलं की डोळ्यानं पाहायच्या आधी हात मारून मोकळा होतो. मी पण लहानपणी तेच केलं. त्या दिवशी सखू पाजणी आटोपून हात न धुता तशीच तयार लुगडी घेऊन आली. लग्नसराई, घाई. कोपरापर्यंत पेज वाळलेली. गादीच्या काठावर टेकून माझ्याशी बोलत होती, हात खाली लोंबत होता. जमादार तिला रोज पाहतो. उठला आणि तिची बोटं चाटायला लागला. तिच्या हाताला जीभ लागली, आणि तीस वर्षं गल्लीत जे केलं तेच हातानं केलं. त्याच्या थोबाडावर फाडकन मारली. त्यानं मान झटकली आणि अंगठ्याच्या बुडाशी दोन दात रुतले. चादरीवर रक्त पडलं.

आणि ती बाई काय म्हणाली सांगू? हसली. अवं, माझाच हात मेला गल्लीत राहिला, त्याले कायले बोलता, म्हणाली. बाबनराव काठी घेऊन धावला, बाजारातले चार जण आले, मारून टाका म्हणून ओरडले. तेव्हा सखूच मध्ये उभी राहिली, हाताला चिंधी गुंडाळलेली. म्हणाली, त्याले मारसान त मले कसं समजन, तो पिसाळलेला होता का नव्हता? ती नसती तर जमादार त्याच दिवशी संपला असता.

दवाखान्यात पोटात सुया द्यायला सुरुवात केली. चौदा सांगितल्या, रोज एक. चार घेतल्या तिनं. तू कधी पाहिलं नसशील, पोट असं सुजतं की वाकता येत नाही, आणि वाकल्याशिवाय ना पाजणी होत ना मागावर बसणं होत. रूपरावाचे दोन माग थांबले. पाचव्या दिवशी, म्हणजे रविवारी, संध्याकाळी दोघं दुकानात आले. बाबनराव होता. सखूनं मला विचारलं, वच्छलाबाई, तुम्ही खरं सांगा, हा कधी बाहेरच्या कुत्र्यांत गेला होता का? कोणतं कुत्रं चावलं होतं का त्याले? तुम्ही नाही म्हणाल त मी उद्यापासून सुया घेत नाही. तुमच्या शब्दावर माहा भरोसा आहे.

गोपिका, मी नाही म्हणाले.

आता लिहिते, नाही तर पुन्हा हात थांबेल. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीच्या गोंधळात, डफ वाजत होते, पोरं रंग घेऊन दारावर धडका मारत होती. जमादार बिथरला आणि मागच्या दारानं सांदीत पळाला. मी मागे धावले. तिथे एक पिवळं मरतुकडं कुत्रं होतं, तोंडाला फेस. भांडणबिंडण काही नाही, सरळ येऊन त्यानं जमादारच्या कानाला धरलं. मी दगड मारून सोडवलं. कान फाटला होता. घरी आणून हळद भरली, केसांखाली झाकलं गेलं, पाच दिवसांत खपली धरली. तिसऱ्या दिवशी ऐकलं, पलीकडच्या गल्लीत एक पिवळं पिसाळलेलं कुत्रं लोकांनी मारलं. मी ऐकलं आणि भाजी निवडत बसले. त्याच दिवशी सांगीन असं मी पंधरा माणसांपुढे बोलले होते. सांगितलं असतं तर त्याला काढावं लागलं असतं, आणि बाबनराव मिशीत हसला असता. फक्त एवढ्यासाठी गं. मी मनाला सांगितलं, ते कुत्रं वेगळं असेल. पिवळी कुत्री काय एक असतात? महिना गेला, जमादार खात होता, खेळत होता, मी विसरलेसुद्धा. नाही, विसरले नव्हते. रोज सकाळी त्याचा कान बघत होते.

रविवारी खरं बोलायला तोंड उघडलं होतं. पण बाबनराव समोर उभा होता, हाताची घडी घालून, आणि मला ती गादी दिसली, ह्यांचा फोटो दिसला, आणि तोंडातून नाही असंच निघालं. मोठे उपकार झाले बाई, असं म्हणून सखू हसत गेली. सोमवारपासून तिनं सुया बंद केल्या.

मंगळवारी जमादारनं अर्धी भाकर टाकली. ऊन फार आहे, कोठीत कोंडलेला आहे, म्हणून असेल असं वाटलं. आज सकाळी त्यानं दुधाला तोंड लावलं नाही. पाण्याचं भांडं पुढे सरकवलं तर मान फिरवली. भुंकला, पण आवाज त्याचा नव्हता, घोगरा, बसलेला. मी हाक मारली तर शेपूट हलवली, म्हणजे ओळखतो अजून. माझ्याकडे बघत होता. मी कोठीचं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून खाली बसले. कदाचित उन्हानंच असेल. डॉक्टरांना विचारायला गेले तर पहिले विचारतील, कधी चावलं होतं का. ऐक ना, मला अजूनही उन्हानंच असेल असं वाटतं, आणि असं वाटतं याचीच मला लाज वाटते.

मग उठले आणि तशीच सखूच्या गल्लीत गेले. ठरवून गेले होते. ती ताण्यापाशी कुंचा घेऊन उभी होती, अंगठ्याला पट्टी, कमरेला हात देऊन. मला पाहून लांबूनच म्हणाली, या वं बाई, जमादार कसा आहे, जेवला का? आणि मी हव म्हणाले. जेवला, म्हणाले. तिनं चहा टाकते म्हटलं. मी घाईत आहे म्हणून परत फिरले. एवढं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि एकदा सवय लागली की किती सोपं जातं बघ. दुकानात आले, दाराची एक फळी सोडून बाकी सगळं बंद केलं आणि कागद घेऊन बसले.

तुझ्या पोट्ट्यांना काय सांगायचं ते तू बघ. जमादार त्यांचा, मी नुसती सांभाळणारी, आणि मला त्याला सांभाळता आलं नाही. दुकानात कुत्रं असावं की नसावं यावर मला आता कोणाशी भांडायचं नाही. त्याला आत घेतलं याचं मला वाईट वाटत नाही, तो कोणाच्या वाईटात नव्हता. पण त्याच्यासाठी लोकांनी माझ्या शब्दावर भरोसा ठेवला होता. बाबनराव केसांचं बोलत होता, गोदूबाई दातांना भीत होती, त्यांतलं कोणी वच्छला खोटं बोलेल असं म्हणालं नव्हतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मी उठून पुन्हा सखूच्या दारी जाणार आहे, तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेणार आहे, रूपरावासमोर आणि बाबनरावासमोर सगळं सांगणार आहे. पण आज सकाळी पण मी असंच ठरवून निघाले होते. माझा मला भरोसा राहिला नाही गं. म्हणून आधी हे पत्र चौकातल्या पेटीत टाकते, मग तिच्याकडे जाते. पेटीत पडलेलं पत्र मला परत काढता येत नाही, म्हणजे तुझ्या हाती माझी मान राहील. शुक्रवारी हे तुला मिळेल. सखूच्या सुया पुन्हा सुरू झाल्या अशी माझी तार तुला त्याच्या आधी मिळालेली असली पाहिजे. नसेल मिळाली, तर मी पुन्हा दारातून परत फिरले असं समज. माझी कीव करू नको, मला विचारत बसू नको, पोस्टात जा आणि रूपरावाला तार कर. रूपराव विणकर, मारुतीच्या देवळामागे, महाल, नागपूर, एवढ्यावर पोचते. तारेत लिही, की कुत्र्याला होळीत पिसाळलेला कुत्रा चावला होता, वच्छलाला माहीत होतं, सुया आजच सुरू करा.

तुझ्याशी तरी आता खोटं न बोलणारी, तुझीच
वच्छला